हिरव्या लुगड्यातली सवत

लग्न होऊन मी फैजपूरहून जळगावला आले. उंबऱ्यावरचं माप ओलांडून मान वर केली आणि पहिली नजर पडली ती तिच्यावर. समोरच्या भिंतीवर, सोनेरी चौकटीत, हिरव्या लुगड्यातली बाई. गळ्यात ठुशी, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ, एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकलेला. रंग गोरापान. मी माजघराकडे वळले तरी तिचे डोळे माझ्या मागे मागे येत होते. कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्याला बिजवराला दिलंय हे मला ठाऊक होतं. पहिली एवढी देखणी होती हे मात्र फैजपुरात कुणी सांगितलं नव्हतं.

ती इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. तेव्हा हे मुंबईला कॉलेजात होते. लग्न लहान वयातच झालेलं; ती सासरी राहायची, हे सुट्टीपुरते यायचे. तार मिळून घरी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. नंतर कित्येक वर्षं त्यांनी दुसऱ्या लग्नाचं नाव काढू दिलं नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत राहिले आणि सासरे वारल्यावर आईसाठी जळगावला परत येऊन तेलाच्या गिरणीत केमिस्ट म्हणून लागले. मग कुठे मी.

लग्नाच्या पूजेनंतर सासूबाईंनी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक बांधला. मेलेल्या पहिलीची ती प्रतिमा. दुसरीने ती गळ्यात घातली की पहिली त्रास देत नाही, असं मानतात. मला तिचा त्रास टाकाने काही कमी झाला नाही. सासूबाई वाईट नव्हत्या. उलट माझ्यावर त्यांचा जीव होता. पण कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायला बसले की त्या सहज म्हणायच्या, "तिची भाकरी पापुद्र्याला फुगायची हो." दर अमावास्येला चित्राला हार. पुढे मला मुलगी झाली, तिला बोलता येऊ लागलं, तेव्हा तिला चित्रापुढे उभं करून हात जोडायला शिकवलं गेलं. "मोठ्या आईला नमस्कार कर." माझी लेक माझ्याच कडेवरून तिला मोठी आई म्हणायची. त्या वेळी मी काय गिळलं ते माझं मला माहीत.

आता ह्यांच्या कामाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

गिरणीत ह्यांचं काम तेल तपासण्याचं. सरकी, भुईमूग, तीळ. आम्लता किती, भेसळ आहे का. त्यात त्यांचा जीव रमत नव्हता. एकदा गिरणीच्या मालकांनी त्यांना घरी बोलावलं. देवघरात श्रीनाथजींचा जुना कापडी पट होता, आणि त्यावरच्या गाईंचा पांढरा रंग काळा पडत चालला होता. मालकिणीला तो अपशकुन वाटला. ह्यांनी टाचणीच्या टोकावर मावेल इतका रंग खरवडून आणला आणि दोन दिवसांनी सांगितलं की अपशकुन वगैरे काही नाही, पांढऱ्यात शिसं आहे, शिशाचा सफेदा धुराने आणि घाणेरड्या हवेने काळवंडतो. हे त्यांनी कसं शोधलं याचं मालकांना इतकं नवल वाटलं की सुट्टीच्या दिवशी गिरणीचा डायनामो वापरायची परवानगीच देऊन टाकली. तिथून पुढे ह्यांना दुसरं काही सुचेना.

त्यांची एक लाकडी पेटी होती, मुंबईच्या प्रयोगशाळेने मोडीत काढलेल्या भागांतून स्वतः जुळवलेली. एका टोकाला बारीक फट, मध्ये काचेचा लोलक, दुसऱ्या टोकाला फोटोची प्लेट. कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये रंगाचा कण ठेवून डायनामोची वीज सोडायची. डोळे दिपतील असा उजेड पडतो, कण जळतो, तो उजेड फटीतून आत शिरून लोलकातून फाकतो. प्लेट धुतली की तिच्यावर उभ्या रेषा उमटलेल्या दिसतात. प्रत्येक धातूच्या रेषा ठरलेल्या जागी पडतात. त्याला हे वर्णपट म्हणत. रेषेची जागा मोजली की रंगात कुठला धातू आहे ते कळतं: तांबड्या हिंगुळात पारा, हिरव्या जंगालात तांबं, सफेद्यात शिसं नाहीतर जस्त. आणि कुठला रंग कधीपासून बाजारात आला हे ठाऊक असलं, की चित्र किती जुनं असू शकतं याचाही अंदाज बांधता येतो.

"माणूस थाप मारील," हे म्हणायचे. "शिसं मारणार नाही."

हळूहळू नाव झालं. आज कुणा मठातून निरोप, उद्या कुणा शेटजींकडून गाडी. जैन मंदिरातली जुनी पानं, देवीचे पट, कुणाच्या पणजोबांची तसबीर. एका इंग्रजी मासिकात त्यांचा लेख छापून आला तेव्हा गिरणीत पेढे वाटले गेले. घरी मात्र मी एकटीच कुढत होते. परक्यांच्या चित्रांपुढे हे भिंग लावून अर्धा अर्धा दिवस बसत. कुणाच्या कपाळावरचा टिळा, कुणाच्या ओढणीची किनार. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. एकदा मी मुद्दाम नवी चंद्रकळा नेसून समोर उभी राहिले. हे म्हणाले, "दारातून बाजूला हो, उजेड अडतोय."

मग मी ठरवलं, की हे जिकडे पाहतात तिकडेच आपण जायचं. फैजपूरला मराठी चार इयत्ता झाल्या होत्या, आकडे येत होते. "मला शिकवा की," म्हटलं. त्यांना आधी हसू आलं. पण त्यांचे डोळे त्या उजेडाने अधू होत चालले होते आणि प्लेटा मोजायला कुणीतरी हवंच होतं. खिडकीशी पाट टाकून, प्लेट उजेडाकडे धरून, भिंगातून लोखंडाच्या रेषांशी ताडून दुसऱ्या रेषांची जागा काढायची. लोखंडाच्या रेषा म्हणजे आमची मोजपट्टी. महिन्याभरात मला शिसं ओळखता येऊ लागलं, जांभळ्या टोकाला त्याची एक ठसठशीत रेषा. जस्ताच्या निळ्या भागात तीन, शेजारी शेजारी. त्या दुपारी हे माझ्या खांद्यावरून वाकून प्लेट पाहायचे आणि म्हणायचे, "बरोबर." तेवढ्या एका शब्दावर माझा आठवडा जायचा. मान वर केली की मात्र समोर भिंतीवर ती, हिरव्या लुगड्यात, न मोजता, न वाचता, सगळं मिळवून बसलेली.

दुसरं महायुद्ध चालू होतं त्या सुमाराला धुळ्याहून एक कोडं आलं. तिथल्या एका मारवाडी पेढीचे दोन भाऊ वेगळे होत होते. बाकी सगळं समजुतीने वाटून झालं, अडलं ते आजोबांच्या तैलचित्रावर. थोरला म्हणायचा, आजोबा तरुण असताना एका संस्थानच्या दरबारी चित्रकाराने त्यांना समोर बसवून ते काढलं. थोरल्या घराचा तो मान आहे. धाकटा म्हणायचा, कसला दरबारी चित्रकार! साथीच्या आसपास खानदेशात एक फिरता चित्रकार धर्मशाळेत उतरला होता, त्याने केलेली ती नक्कल आहे.

हे चाळीसगावमार्गे धुळ्याला गेले, शेटजींच्या दिवाणखान्यातून कण घेऊन आले. प्लेट मी मोजली. आजोबांच्या अंगरख्याच्या पांढऱ्यात शिसं होतं. चेहऱ्याच्या पांढऱ्यात जस्त.

"म्हणजे चेहरा नंतरचा?" मी विचारलं.

"असेल. किंवा चेहरा खराब झाला म्हणून कुणी दुरुस्त केला असेल. किंवा तो फिरता चित्रकार असेच दोन सफेदे वापरत असेल." हे कपाळ चोळत म्हणाले, "त्याच्या हातचं एखादं खात्रीचं चित्र मिळालं, तर लगेच निकाल लागेल."

बोलता बोलता ते थांबले. मीही थांबले. कारण त्या फिरत्या चित्रकाराच्या हातचं खात्रीचं चित्र आमच्या डोक्यावरच होतं. सासूबाईंनी तो धर्मशाळेत उतरला असताना त्याच्याकडूनच ते काढून घेतलं होतं. तिच्या हयातीतच, हे मुंबईला असताना, आणि चौकट करून भिंतीवर आलं ते ती गेल्यावर, असं आमच्या घरात सगळे धरून चालत.

"दुसरीकडे कुठेतरी मिळेल," हे म्हणाले. "अमळनेरला विचारतो. चोपड्याला विचारतो."

अमळनेरला नव्हतं. चोपड्याला एक होतं, ते वाळवीने खाल्लेलं. शेटजींची पत्रावर पत्रं येऊ लागली. मी दोनदा सुचवलं, "घरातलंच बघा ना." दोन्ही वेळा ह्यांनी न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "तिला हात लावायचा नाही."

तेव्हा माझ्या तोंडून सुटलं ते इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. "श्रीनाथजींना तुमची सुरी लागली. देवीच्या कपाळाला लागली. लोकांच्या बापजाद्यांना लागली. तिलाच तेवढी दुखते का?"

ते उठले. टोपी घातली आणि गिरणीत गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ताट वाढायची, पाणी ठेवायची. प्लेटा तशाच पडून राहिल्या. मला वाटायचं, इतका जीव आहे तर मला आणलीच कशाला? एका मेलेल्या बाईच्या रंगाचा कण जिवंत बायकोच्या बोलण्यापेक्षा मोलाचा?

मग एका सकाळी सासूबाई देवळात कीर्तनाला गेल्या होत्या, मुलगी शाळेत होती, आणि हे गिरणीत न जाता घरीच होते. स्वयंपाकघरातून मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर त्यांनी चित्र खाली उतरवून ओटीवर, उजेडात, पाटाला टेकवून ठेवलं होतं. हातात बारीक सुरी. चौकटीतून चित्र काढलेलं. भिंतीवर जिथे ते होतं तिथे चुन्याचा एक स्वच्छ पांढरा चौकोन.

सुरी चित्रापासून बोटभर अंतरावर नेऊन ते थांबले. परत नेली. परत थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू घे."

मी खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या इतक्या जवळ होते. जवळून ती तितकी देखणी नव्हती. जवळून ती नुसता रंग होती, भेगाळलेला, कुठे जाड कुठे पातळ. आधी लुगड्याच्या पांढऱ्या किनारीतून कण घेतला. मग पदराच्या हिरव्यातून.

"चेहऱ्याचा?" मी विचारलं.

"कानामागून घे. केसांच्या कडेला. थोडाच."

इतकी वर्षं मनातल्या मनात मी तिला किती वेळा खरवडलं होतं, पण प्रत्यक्ष सुरी टेकवली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. कण कागदावर घेतला, पुडी बांधली, वर पेन्सिलीने 'कान' असं लिहिलं. ह्यांनी सगळा वेळ अंगणाकडे तोंड केलेलं होतं. सासूबाई परत यायच्या आत चित्र जागेवर गेलं.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी गिरणीत प्लेट घेतली, घरी आणली आणि माझ्यापुढे ठेवून मुलीला घेऊन मेहरूणच्या तळ्यावर फिरायला निघून गेले. एरवी प्लेट वाळायची वाट न पाहणारा माणूस! मी खिडकीशी बसले. किनारीच्या पांढऱ्यात शिसं. पदराच्या हिरव्यात तांबं. 'कान' लिहिलेल्या पट्टीत जांभळ्या टोकाला काही नव्हतं. शिशाची रेषा नव्हतीच. निळ्या भागात तीन रेषा होत्या, शेजारी शेजारी.

हे परत आल्यावर मी सांगितलं, "चेहऱ्यात जस्त आहे. अंगात शिसं. शेटजींच्या आजोबांसारखंच."

"तू चुकली असशील," ते म्हणाले आणि स्वतः बसले. दिवेलागणीपर्यंत मोजत होते. मग प्लेट खाली ठेवली.

त्या रात्री जेवताना ह्यांनी सासूबाईंना विचारलं, "आई, हे चित्र ती असतानाच काढलं होतं ना?"

सासूबाईंचा हात ताटात थांबला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "आज कसं काय विचारतोस?"

"सांग ना."

"नाही," त्या म्हणाल्या. "ती गेल्यावर. तुला तिचं काहीच राहिलं नव्हतं रे. फोटो नाही, काही नाही. तू दिवस होताच परत मुंबईला गेलास, ते तोंड मला बघवत नव्हतं. तो चित्रवाला धर्मशाळेत आला होता. त्याच्याजवळ चित्रांच्या गुंडाळ्याच असायच्या तयार. लुगडं, दागिने, खुर्ची, सगळं काढलेलं. फक्त तोंडाची जागा मोकळी. बायांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. मी हिरव्या लुगड्याची पसंत केली. तिला कुठलं आलंय तसलं लुगडं! ठुशी तरी कुठे होती? तोंड मी सांगत गेले तसं त्याने काढलं."

"म्हणजे तोंड तरी तिचं."

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "नाही जमलं त्याला," त्या म्हणाल्या. "दोनदा पुसून काढलं, तरी नाही जमलं. मी ते परतच करणार होते. पण तू सुट्टीत आलास, दारातच उभा राहिलास, त्याच्याकडे बघितलंस आणि रडलास. तोपर्यंत तू रडला नव्हतास. मग मी काय बोलणार होते?"

हे ताटावरून उठले. मोरीत जाऊन हात धुतले, आणि कितीतरी वेळ धूतच राहिले.

मला आनंद व्हायला हवा होता. ज्या चेहऱ्यापायी मी इतकी वर्षं जळले तो कुणाचाच नव्हता. ज्या लुगड्यापायी मी सणाला हिरवं नेसायचं सोडलं ते कधी कुणी नेसलंच नव्हतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदराने डोळे टिपत होत्या. मला हसू आलं आणि ते मी पदरात लपवलं. आता सुटले, असं वाटलं. भिंतीवरच्या त्या बाईशी आपला काही संबंध नाही.

पण झालं उलटंच. चार-आठ दिवसांनी हे मला म्हणाले, "मला तिचा चेहरा आठवत नाही. डोळे मिटले की हाच येतो." आणि तिथून त्यांनी खऱ्या चेहऱ्याचा शोध सुरू केला. सासूबाईंना खोदून खोदून विचारायचे. कपाळ कसं होतं? भुवया जुळलेल्या होत्या का? आवाज कसा होता? सासूबाई सांगायच्या, मग म्हणायच्या, नाही, ते माझ्या नणंदेचं. आजवर ती निदान भिंतीवर एका जागी असायची. आता ती ताटात होती, अंथरुणात होती, चहाच्या कपात होती. खोट्या चेहऱ्याचा मी इतकी वर्षं दुस्वास केला होता. आता कळलं की निदान तो गप्प तरी होता.

धुळ्याचा निकाल द्यायला ह्यांनी मलाही बरोबर नेलं. दोघा भावांच्या समोर त्यांनी सांगितलं की चित्र फिरत्या चित्रकाराचंच आहे. अंगरखा तयार होता, तोंड नंतर बसवलं, आणि आमच्या घरच्या चित्रातही त्याने अगदी हेच केलं आहे. थोरल्याचं तोंड उतरलं. धाकट्याला आपलं खरं झालं म्हणून फुशारकी मिरवायची होती, पण मग ते चित्र नको असं दोघेही म्हणू लागले. आतून त्यांची म्हातारी आई म्हणाली, "मला द्या. सासऱ्यांसारखं नसलं म्हणून काय झालं, मी त्याला रोज उदबत्ती लावलीय." आणि चित्र तिच्या खोलीत गेलं.

वाड्यातून बाहेर पडताना हे म्हणाले, "इथून साक्री जवळ आहे. तिचं माहेर साक्रीच्या पलीकडे. तिची थोरली बहीण अजून आहे म्हणतात."

मी म्हटलं, "चला." नाही म्हटलं असतं तर ते एकटे गेले असते, आणि तिथे काय ऐकलं हे मला कधीच कळलं नसतं. तिच्याबद्दल मला माहीत नाही असं काही त्यांना माहीत असावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. साक्रीहून पुढे बैलगाडी. गाव टेकडीच्या पायथ्याशी, साताठ घरांचं म्हणावं इतकं लहान. बहीण ज्वारी पाखडत अंगणात बसली होती. ह्यांनी ओळख सांगितली तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदर डोक्यावर ओढला. मग माझ्याकडे बोट केलं.

"ही कोन शे?"

"माझी बायको," हे म्हणाले.

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग मनी बहीनच शेस तू. आठे बस, मनाजोडे." आणि बहीण म्हणून तिने मला खरोखरच हाताला धरून शेजारी बसवलं.

ह्यांनी अडखळत विचारलं, "अक्का, ती दिसायला कशी होती?"

म्हातारी हसली. "दिसाले? काय सांगू भाऊ! सावळी व्हती. बठ्ठा तोंडवर देवीना वन." तोंडभर देवीचे व्रण, आणि पुढचा एक दात वाकडा असल्याचं तिने बोटाने दाखवलं. "पन हासे ते बठ्ठी गल्ली ऐके. बाप मारे, तरी हासे."

म्हातारीने सांगितलं की ती चिंचेच्या झाडावर पोरांआधी चढायची. सासरी गेल्यावर माहेरी आली की सासूची नक्कल करून दाखवायची. आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी सुपातल्या ज्वारीकडे बघत राहिले. मुंबईहून ह्यांची पत्रं यायची. तिला वाचता येत नव्हतं. सासूबाई ती वाचून दाखवायच्या आणि मग तीच पत्रं घेऊन ती माहेरी यायची. "कागद नाकले लाये," म्हातारी नाकाशी हात नेऊन म्हणाली. "म्हने, ममईना वास येस."

हे रडले नाहीत. ते हसले. मान खाली घालून, खांदे हलवत, आवाज न करता हसले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्या हसण्याचा मला जितका हेवा वाटला तितका त्या नथीचा, त्या गोऱ्या रंगाचा कधीच वाटला नव्हता. गोरी, गप्प, सुंदर बाई असती तर मी तिच्याशी लढले असते. ही तर मला आवडली. माझ्या आळीत असती तर माझी मैत्रीण झाली असती. हे सगळ्यात वाईट.

म्हातारीने आम्हाला रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही. नागलीच्या भाकरी बांधून दिल्या आणि माझ्या ओटीत नारळ घातला.

परतीच्या वाटेवर मोटार बंद पडली. बाकीचे उतारू झाडाखाली विड्या ओढत बसले. आम्ही दोघं मोटारीतच.

"तुम्ही मला कधी पत्र लिहिलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी चमकून पाहिलं. "तू तर समोरच असतेस."

"तरी."

"समोर असलेल्या माणसाला कोण पत्र लिहितं?"

"तिला वाचता येत नव्हतं, तिला लिहिलीत. मला वाचता येतं. तुमच्या रेषासुद्धा वाचता येतात."

ड्रायव्हर भट्टीत कोळसा घालून पंखा फिरवत होता. त्याच्याकडे बघत हे म्हणाले, "प्लेट दिली होती ना तुला. ती माझ्याने वाचली गेली नसती. दुसऱ्या कुणाला मी ती दिली नसती." आणि खिडकीबाहेर बघू लागले. मला हवं होतं ते हे नव्हतं, पण तेवढ्यावर मी जळगावपर्यंत आले.

युद्ध संपल्यावर एका संस्थानच्या संग्रहालयाने ह्यांना बोलावलं. जुन्या चित्रांचे रंग तपासून द्यायचे होते, आणि तिथे परदेशातून आणलेलं खरं यंत्र होतं. गिरणीतून रजा घेऊन हे गेले. मुलीची परीक्षा जवळ होती म्हणून मी मागे राहिले. आठवड्याच्या आत पत्र आलं. माझ्या नावाचं. चार पानं. त्यात माझी चौकशी दोन ओळी, बाकी हरताळ आणि हिंगूळ, नुसते रंग. पण पत्र होतं. मी ते देवघरात ठेवलं. दुसरं आलं, तिसरं आलं.

चौथ्यात लिहिलं होतं: 'येथे माझ्या मदतीस एक एम.एस्सी. झालेली मुलगी दिली आहे. फार चलाख आहे. प्लेटा इतक्या झटपट वाचते की मला बोलावेच लागत नाही.'

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मग माळ्यावरची ट्रंक काढली.

"कुठे निघालीस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"प्लेटा वाचायला."

"आणि पोरीची परीक्षा?"

"तुम्ही आहात ना."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना सगळं कळलं होतं. स्टेशनापर्यंत त्या मला पोहोचवायलाही आल्या.

मुलगी किरकोळ अंगाची, जाड भिंगांचा चष्मा लावणारी होती. मला पाहताच उठून उभी राहिली, अक्का म्हणाली, आणि त्या परदेशी यंत्रावर रेषा कशी मोजायची हे समजावून सांगू लागली. ती माझ्यापेक्षा कितीतरी चटपटीत होती. तिच्या पहिल्या मोजणीत चूक निघेल म्हणून मी दुपारभर वाट पाहिली, निघाली नाही. हे आमच्या दोघींकडे बघून खूश दिसत होते, त्यांना बाकी काही कळत नव्हतं. मला ती मुलगी आवडली. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले, कोपऱ्यातलं एक स्टूल ओढून आणलं, आणि तिच्या व ह्यांच्या खुर्च्यांच्या बरोबर मध्ये ठेवून त्यावर बसले.